राखून ठेवलेलं नाव

खोली बघायला गेले तेव्हा सरांनी भाडं सांगितलं नाही, डिपॉझिट सांगितलं नाही. लातुरात घरमालक सगळ्यात आधी पाण्याचं बोलतो, तेही ते बोलले नाहीत. व्हरांड्यातल्या खुर्चीतून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि नाव विचारलं. मी सांगितलं.

"अर्थ?"

"देवीचं नाव आहे, सर."

"कुठल्या देवीचं?"

"असेल कुठल्यातरी. आजीनं ठेवलंय."

"म्हणजे जन्मापासून हे नाव घेऊन फिरताय आणि आत काय आहे ते एकदाही उघडून बघितलं नाही?"

मला राग आला. सकाळच्या एसटीनं धक्के खात आले होते ती खोली बघायला, तोंडी परीक्षा द्यायला नाही. मी उठणारच होते, तेवढ्यात आतून त्यांच्या बायकोनं पाण्याचा तांब्या आणला. "घ्या माय. त्ये सगळ्यान्ला आसंच करतेत," असं म्हणाल्या, म्हणून बसले. सरांनी गाव विचारलं. बिलोली म्हटल्यावर त्यांनी निकाल दिला, "मग नावाचा अर्थ कळेपर्यंत तुम्ही बिलोलीकर." अर्थ मी त्याच आठवड्यात शोधून काढला आणि त्यांना ठणकावून सांगितला. त्यांनी मान हलवली, "बरोबर," म्हणाले, आणि पुढची सगळी वर्षं मला बिलोलीकरच म्हणत राहिले.

मी तेव्हा एका क्लासमध्ये बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवत होते. लातुरात क्लास म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. वरची खोली माझी, खाली सर आणि काकू. सर शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. अंगानं शेवग्याची शेंग, आवाज मात्र गल्लीच्या पार टोकाला जाणारा. फाटकाच्या पाटीवर फक्त आडनाव होतं. गल्लीत त्यांना कुणी त्या आडनावानं ओळखायचं नाही. रिक्षावाल्याला "नाववाले सर" म्हटलं की तो बरोबर फाटकाशी आणून सोडायचा.

नाववाले, कारण ते नावं द्यायचे. पोरगा झाला, पोरगी झाली, की चाकूर, औसा, उदगीर कुठूनकुठून लोक यायचे. त्यातही मुलाचं नाव मागायला जास्त. पोरींना लक्ष्मी-सरस्वतीच्या पदरात काहीतरी सापडतंच, मुलासाठी मात्र हल्ली सगळ्यांना जगात दुसऱ्या कुणाचं नसलेलं नाव हवं असतं. सर पैसे घ्यायचे नाहीत. घरात पिकतं त्यातलं मूठभर धान्य आणायचं, एवढीच दक्षिणा. तूर आणा, हरभरा आणा, ज्वारी आणा, पण मूठभरच. एकदा एका बागायतदारानं अर्धं पोतं सोयाबीन उतरवलं, तर सरांनी त्यातली एक मूठ घेतली आणि पोतं परत गाडीत चढवायला लावलं. मूठभरच का, ते कुणाला माहीत नव्हतं. आम्हाला वाटायचं, आहे एक खूळ. त्या मुठी काकूंच्या एकाच डब्यात पडायच्या आणि मग कधीतरी सात धान्यांची उसळ व्हायची. ती वर माझ्याकडेही यायची आणि फार चांगली लागायची.

नाव द्यायच्या त्यांच्या अटी होत्या. फोनवर नाव मिळणार नाही. यादी मिळणार नाही, एकच नाव मिळेल. येताना बाळाची आत्या पाहिजे, कारण पाळण्यात बाळाच्या कानात नाव ती सांगणार, मग ते आधी तिच्या तोंडात बसायला नको का? एकदा दिलेलं नाव दुसऱ्या घरी देणार नाही. आणि शेवटची अट म्हणजे हाक. नाव सांगून झालं की सर आत्याला आणि आजीला फाटकाशी उभं करायचे.

"मारा हाक. पहिल्यांदा लाडानं. पोरगं दूध पीत नाहीये असं समजा."

बाया लाजायच्या, पदर तोंडावर घ्यायच्या, पण मारायच्या.

"आता रागानं. पोरगं पाण्याच्या टाकीवर चढलंय!"

ज्या नावानं रागावता येत नाही ते नाव अर्धं, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी क्लासहून यावं तर आमच्या फाटकात कुणीतरी नऊवारीतली म्हातारी गल्लीकडे तोंड करून "ए पुंडरीक, मुडद्या, उतर खाली!" असं किंचाळत असायची आणि सर खुर्चीत डोळे मिटून ऐकत असायचे. पहिल्या महिन्यात मी दचकायचे. नंतर मलाही कळायला लागलं, की हे नाव काही टिकत नाही, किंवा हे टिकणार.

चाकूरचं एक जोडपं एकदा नाव घेऊनच आलं होतं. मोबाइलवर सापडलं होतं, कियांश. त्यांना फक्त सरांचा शिक्का हवा होता.

"अर्थ काय?" सर म्हणाले.

"सर्वगुणसंपन्न," पोराचा बाप म्हणाला. "मोबाइलवर दिलंय तसं. संस्कृतमधून आलंय."

"आलं असेल. पण संस्कृतला त्याचा पत्ता नाही." सर खुर्चीत पुढे सरकले. "हे बघा, शेवटाला अंश लावला की नाव संस्कृत होत नाही. शेपूट लावलं म्हणून दगडाचा बैल होतो का?"

बाप हिरमुसला. मग सरांनाच वाईट वाटलं. त्यांनी विचारलं, धंदा काय, शेती किती, घरात थोरलं कोण. तासभर बोलून त्या पोराला प्रांजल दिलं, आणि अर्थ असा समजावून सांगितला की आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. रागावून मग ओशाळायचं, ही सरांची रीतच होती.

बैलावरून आठवलं. देवणीचा एक शेतकरी आला होता, तो पोराचं नव्हे, गोऱ्ह्याचं नाव मागायला. देवणीच्या लोकांचं जनावरांवर जीव टाकणं मी बिलोलीत असताना ऐकून होते, पण खिशातून लेकराचे काढावेत तसे त्यानं गोऱ्ह्याचे फोटो काढले. मला वाटलं, आता सर ह्याला बाहेर काढणार. सर तर खूश! त्यांनी त्याला ककुद्मान दिलं. ककुद् म्हणजे वशिंड, डौलदार वशिंडाचा तो ककुद्मान. शेतकऱ्यानं तीनदा म्हणून बघितलं, घाम पुसला, मूठभर तूर ठेवून गेला. महिन्यानं परत आला. "सर, नाव झ्याक हाय, पर त्यो वळूनच बघंना. सर्जा मनलं की मातर पळत येतंय."

सर खूप वेळ हसले. "मग सर्जाच त्याचं नाव. हाक ज्याला लागू पडली ते नाव. तुमच्या गोऱ्ह्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

नावांच्या बाबतीत त्यांना एकच दुखणं होतं, ते म्हणजे एखादं नाव गावभर होणं. अथर्व हे नाव त्यांनी फार पूर्वी एका घरी दिलं होतं. तेव्हा लोकांनी विचारलं होतं, हे नाव असतंय का कधी? आता माझ्याच वर्गात इतके अथर्व होते की मी त्यांना आडनावानं बोलवत होते. हे मी सहज सांगितलं, तर सर जेवता जेवता थांबले.

"बिलोलीकर, मैदानावर एका आईनं हाक मारली आणि सहा पोरं वळली, तर ती हाक कुणाची हो?"

"सहाही जणांची."

"म्हणजे कुणाचीच नाही. हाकेला एकच 'ओ' यायला पाहिजे." आणि त्यांनी ताट सारलं. काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा हा विषय मी जेवताना काढला नाही.

इतक्या लोकांना नावं वाटणाऱ्या माणसाचं स्वतःचं नाव मात्र कुणाला माहीत नव्हतं. भाडं मी फोनवरून पाठवायचे ते काकूंच्या खात्यात. पत्रं, वीजबिल, सगळं काकूंच्या नावावर. विचारलं तर सर म्हणायचे, "सर हे काय वाईट नाव आहे? लाडानं मारता येतं, रागानं मारता येतं." संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका काकूंना घेरायच्या, आज उखाणा घेतल्याशिवाय सोडणार नाही म्हणून. काकू मोठ्या वस्ताद. लांबलचक उखाणा घ्यायच्या, त्यात महादेव, बेल, नंदी सगळे यायचे आणि शेवटी "सरांचं नाव घेते, हळदीकुंकवाच्या वेळी" म्हणून तीळगूळ पुढे करायच्या. गल्लीतला एक तर्क होता की सरांचं नाव इतकं अवघड संस्कृत आहे की काकूंना ते म्हणताच येत नाही. मलाही तो पटायचा.

आता गिरणीवाल्या अव्वांचं सांगायला पाहिजे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती. मालकीण अव्वा. कपाळभर विभूती, अंगभर पीठ आणि तोंडात वस्तरा. नवरा लवकर गेलेला, मुलगी उदगीरला दिलेली, मुलगा एकच, तो ट्रान्सपोर्टच्या धंद्यात. सून महानंदा देगलूरकडची, बीएस्सी झालेली, हसरी. सरांचं आणि अव्वांचं रोज सकाळी भांडण व्हायचं, दळण जाड आलं म्हणून. पण सणाला गिरणीतून पहिलं ताट सरांकडेच यायचं.

महानंदाचं पहिलं बाळ मी राहायला येण्यापूर्वीच गेलं होतं. सरांनी त्याचं नाव ठेवलं होतं अनिमिष, ज्याची पापणी लवत नाही तो. काही महिन्यांचं होऊन तापात गेलं. दुसरं माझ्या डोळ्यांसमोर झालं आणि गेलं. त्याचं नाव प्रांशु, म्हणजे उंचापुरा. ते पालथं पडायलाही शिकलं नाही. त्यानंतर गिरणी आठ दिवस बंद होती. उघडली तेव्हा अव्वा कुणाशी भांडत नव्हत्या, आणि त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

तिसऱ्या वेळेला महानंदाला सातवा लागला, तेव्हा ती दुपारची आमच्या व्हरांड्यात येऊन बसायची. काकू तिला काहीबाही खायला घालायच्या आणि सर गोष्टी सांगायचे. अशाच एका दुपारी मी ते नाव पहिल्यांदा ऐकलं.

"वेदात ऋभु म्हणून तिघं भाऊ आहेत," सर सांगत होते. "देव नव्हेत, माणसं. कारागीर. ह्यांनी रथ केला, एका पेल्याचे चार पेले केले, नुसत्या कातड्यातून जिवंत गाय उभी केली. आणि आपले थकलेले आईबाप होते ना, त्यांना पुन्हा तरुण केलं. हाताच्या कामावर माणसाचे देव झाले. नावाचं मूळ आहे रभ्, म्हणजे घट्ट धरणं. हातात घेतलेलं जो सोडत नाही, तो ऋभु."

महानंदानं पोटावर हात ठेवला. "सर, हे कुणाला दिलंय का?"

"नाही."

"मग मला द्या. मुलगा झाला तर."

सरांनी चष्मा काढून पुसला. "ते राखून ठेवलंय. दुसरं देईन."

"कुणासाठी?"

सर उठून आत गेले. महानंदा गेल्यावर काकू शेंगा सोलता सोलता मला म्हणाल्या, "आमच्या लेकरासाठी ठिवल्यालं हाय माय त्ये. लगीन झालं तवाच ठरवल्यालं. लेकरू काय झालं न्हाई. नाव तेवढं ऱ्हायलं." आणि त्यांनी टरफलं गोळा करून सुपात टाकली.  

महानंदाला मुलगा झाला. दिवस पुरे भरायच्या आतच झाला, त्यामुळे काचेच्या पेटीत ठेवला होता. मी आणि काकू बघायला गेलो होतो. तळहाताएवढं तोंड आणि माझ्या बोटाएवढे हात. पण नेटानं श्वास घेत होतं. घरी आणलं तेव्हा अख्ख्या गल्लीनं हॉर्न वाजवणं बंद केलं होतं.

बारसं ठरलं. सरांचा हिशेब असा की नेहमीप्रमाणे उदगीरची आत्या येईल आणि मूठभर काहीतरी घेऊन नाव विचारेल. आत्या आली नाही. अव्वा आल्या, फाटकाच्या बाहेरच उभ्या राहिल्या.

"सर, ह्या बारीला नाव तुमी देऊ नगा."

"का?"

"म्या कोंडा घिऊन इकणार हाय लेकराला. शेजारणीला इकायचं आन तिचं मनून वाढवायचं. दगडू न्हाईतर उकिरडा नाव ठिवायचं. चांगल्या नावावर सटवाईची नजर पडतीया."

सर खवळले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. ते खुर्चीतून उठले, त्यांचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला. हे असलं अडाणीपण ह्या काळात! मोबाइल वापरता, गिरणीला नवी मोटर बसवता, आणि लेकराला उकिरडा म्हणता? जन्मभर त्यानं ते नाव घेऊन फिरायचं? शाळेत हजेरीला उभं राहायचं? "तुम्हाला कल्पना आहे का अव्वा, काय होतं त्या पोराचं?"

अव्वा ओरडल्या नाहीत. तेच वाईट झालं. हळूच म्हणाल्या, "दोन नावं दिलाव तुमी. दोनी गेली."

आणि गेल्या.

सर बसले ते उठलेच नाहीत, काकूंनी दिवा लावेपर्यंत. दुसऱ्या दिवशी औशाचं एक कुटुंब नावासाठी आलं, त्यांना फाटकावरूनच परत पाठवलं. मग आणखी एक आलं, तेही गेलं. मला राहवलं नाही. मी जाऊन म्हणाले, सर, मी जीवशास्त्र शिकवते. एकाला न्यूमोनिया होता, दुसऱ्याच्या हृदयात दोष होता. नावाचा आणि ह्याचा काडीचा संबंध नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

"आहे ना माहीत," ते म्हणाले. "तुमचं बरोबर आहे, बिलोलीकर. पण अव्वाला काहीतरी घट्ट धरायला पाहिजे. तुमचं बरोबर असणं तिला धरता येत नाही." मग म्हणाले, "आणि त्या पोरीलाही काहीतरी पाहिजे. ती काय धरणार? उकिरडा?"

महानंदा खरंच रडून रडून अर्धी झाली होती. काकूंना तिनं सांगितलं होतं, आई म्हणून मला माझ्या लेकराला चारचौघांत त्या नावानं हाक मारता येणार नाही. मी मारणारच नाही. तिकडे अव्वांनी सून-मुलाला बजावलं होतं, लेकरू जगवायचं असेल तर गप्प बसा. खरं म्हणजे दोघींना एकच पाहिजे होतं, ते बाळ. आणि त्यावरूनच घर दोन तुकडे व्हायला आलं होतं.

घर लिंगायत, म्हणून बारशाच्या सकाळी स्वामी येऊन बाळाच्या गळ्यात लिंग बांधून गेले. दुपारी बायका जमल्या. पाळणा फुलांनी सजवला होता, पण घरात सुतक असल्यासारखी कुजबुज. अव्वांनी गिरणीतला कोंडा सुपात घालून मध्ये ठेवला होता. शेजारीण तयार होती, तिनं मूठ भरायची, अव्वांच्या हातात द्यायची आणि लेकरू उचलायचं, म्हणजे ते तिचं झालं. महानंदा भिंतीला टेकून बसली होती, बाळ छातीशी इतकं आवळलेलं की ते कुरकुरत होतं. मी तिच्याजवळ बसले होते. 

तेवढ्यात दारात सर. बायकांत पुरुष कसा आला म्हणून कुणी बोलायच्या आत ते सरळ सुपाशी आले आणि गुडघे मोडत खाली बसले.

"अव्वा, लेकरू विकायचंच ना? मी घेतो."

"तुमी? तुमी कशाला? हे काय मस्करीचं काम हाय व्हय?"

"मस्करी नाही. तुमच्या शेजारणीपेक्षा मला अनुभव आहे." सर सुपातल्या कोंड्याकडे बघत सांगायला लागले. "माझ्या आईची माझ्याआधीची लेकरं राहिली नाहीत. मी झालो तेव्हा तिनं मला असंच सुपात ठेवलं. शेजारच्या मावशीनं मूठभर कोंडा दिला आणि मला घेतलं. मी विकलेला माणूस आहे, अव्वा. माझं नाव कोंडिबा."

 आमच्या गल्लीतलं सगळ्यात अवघड संस्कृत नाव ते हे!

"ह्या नावाची मला जन्मभर लाज वाटली," सर म्हणाले. "शाळेत पोरं कोंड्या, कोंड्या म्हणून माझ्यामागे धावायची. ते झाकायलाच मी संस्कृत शिकलो म्हणा ना. पण बघा, ऐंशीला टेकलो. सटवाईनं अजून माझ्याकडे ढुंकून बघितलं नाही. नाव पारखलेलं आहे. चालेल का तुम्हाला असला बाप?"

 अव्वांनी सूप सरांपुढे सरकवलं.

सरांनी मूठ भरली. मुठीतला कोंडा अव्वांच्या ओंजळीत घातला. मग महानंदापुढे हात पसरले. तिनं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि तिनं बाळ दिलं. सरांना बाळ धरता येत नव्हतं. आयुष्यात धरलं नसावं. काकू पुढे झाल्या, त्यांचा कोपर नीट केला.

"झालं? आता हे कोंडिबाचं पोर?" सरांनी विचारलं.

"हाव," अव्वा म्हणाल्या. "तुमचं झालं."

"सटवाईनं विचारलं तर?"

"कोंडिबाचं हाय मनीन. माजं न्हाई."

"मग माझ्या पोराचं नाव मीच ठेवणार. दुसऱ्या कुणाचा हक्क नाही." त्यांनी महानंदाकडे बघितलं. "माझ्या पोरासाठी एक नाव राखून ठेवलंय. फार वर्षं झाली."

महानंदाला हुंदका फुटला. मलाही. आता सांगायला लाज कसली, तिथं सगळ्याच रडत होत्या. अव्वा ओंजळीत कोंडा धरून रडत होत्या, आणि त्यांना डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. ह्या सगळ्यात काकूंचाच आवाज आला, संक्रांतीला यायचा तसा खणखणीत:

"सुपात कोंडा, पाळण्यात बाळ, कोंडिबारावांचं नाव घेते, सोन्याची सकाळ!"

दुपारचे चार वाजले होते, पण त्या सकाळीला कुणी हरकत घेतली नाही. बायका हसल्या, पाळणा हलला. उदगीरच्या आत्यानं बाळाच्या कानात ऋभु सांगितलं आणि रीतीप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. सरांनी लेकरू महानंदाला परत दिलं ते "तुमच्याकडे वाढवायला ठेवतोय, हयगय नको" असं बजावून. मग ते अव्वांकडे वळले.

"हाक राहिली. चला फाटकाशी."

"आता कशाला ओ सर!"

"नियम म्हणजे नियम. आधी लाडानं."

अव्वा फाटकाशी उभ्या राहिल्या. "रुबू, ये रुबूऽऽ," त्यांनी लाडानं मारली. ठीक होती.

"आता रागानं. गिरणीच्या पट्ट्याजवळ गेलाय."

अव्वांनी श्वास घेतला. पट्ट्याचं नाव काढल्यावर त्यांना खरोखरच डोळ्यांपुढे दिसलं असावं, कारण त्या कडाडल्या, "आरं ये कोंड्याऽऽ!"

मग जीभ चावली.  सर फाटकाला धरून उभे होते. म्हणाले, "चालेल. दोन्ही ठेवा."

दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा नावं द्यायला लागले. पाटी मात्र बदलली. आता तिच्यावर पूर्ण नाव आहे आणि रंगाऱ्यानं ते फार मोठ्या अक्षरांत काढलंय.

पुढे मी नांदेडच्या एका कॉलेजात लागले आणि खोली सोडली. मधे दोनेक वर्षं जाणं झालं नाही. परवा लातुरात लग्न होतं, तेव्हा मुद्दाम गल्लीत गेले. सर खूप थकलेत. कमी ऐकू येतं, म्हणून हाकेची परीक्षा आता काकूच घेतात. मी समोर बसले तर मला त्यांनी ओळखायला वेळ लावला. नाव सांगितलं तर कपाळाला आठ्या. बिलोलीकर म्हटल्यावर चेहरा उघडला.

चहा घेत होतो, तेवढ्यात गिरणीसमोरच्या रस्त्यावरून एक पोरगं सायकलवर सुसाट गेलं. पिठानं पांढरं झालेलं, उघडं, काटक. मागून अव्वांचा आवाज आला. वय झालंय, पण वस्तऱ्याची धार तीच.

"कोंड्याऽऽ! गाडी यायलीया, मागं फीर!"

"ओऽऽ!" रस्त्यावरून पोरगं ओरडलं.

आणि माझ्यासमोरच्या खुर्चीतून, चहाचा कप तसाच हातात धरून, सरांनीही ओ दिली.